हायड्रोजन : पाण्याचा जनक की पाण्यापासून जन्मलेला?

‘हायड्रोजन’ या नावाचा अर्थ काही ठिकाणी ‘पाणी निर्माण करणारा’ असा, तर काही ठिकाणी ‘पाण्यापासून निर्माण झालेला’ असा दिलेला असतो, त्यांतला खरा कोणता, असे आपण विचारले आहे. नाव ठेवणाऱ्यांना पहिला अर्थ अभिप्रेत होता. परंतु ही शंका त्या नावाइतकीच जुनी आहे.

इंग्रज शास्त्रज्ञ हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७६६ साली धातूंवर आम्लाची क्रिया करून मिळणाऱ्या या वायूचे गुणधर्म काळजीपूर्वक नोंदवले, तेव्हा त्याला नुसते ‘ज्वलनशील हवा’ म्हणत असत. हा वायू जळाला की पाणी तयार होते, हेही पुढे त्यांच्याच प्रयोगांतून दिसले. मात्र पाणी हे मूलद्रव्य नसून संयुग आहे, हा त्याचा अर्थ फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंत्वान लाव्हाझिए यांनी १७८३ मध्ये लावला. १७८७ साली त्यांनी तीन सहकाऱ्यांसह रसायनशास्त्राची नवी परिभाषा मांडली आणि पाणी या अर्थाचा ग्रीक शब्द व जन्म देणे या अर्थाचे क्रियापदाचे मूळ जोडून या वायूला नाव दिले.

आक्षेप लगेच आला. ग्रीकमध्ये अशा समासाचा अर्थ सहसा ‘अमुकापासून जन्मलेला’ असा होतो. उदाहरणार्थ, ‘डायोजेनीस’ या ग्रीक नावाचा अर्थ झ्यूस या देवापासून जन्मलेला. लाव्हाझिए यांनी आपल्या १७८९ च्या ग्रंथातील तळटीपेत याला उत्तर दिले, आणि ते मला फार आवडते. पाण्याचे विघटन केले की हायड्रोजन मिळतो आणि हायड्रोजनचा ऑक्सिजनशी संयोग झाला की पाणी मिळते, त्यामुळे दोन्ही विधाने सारखीच खरी आहेत, असे ते म्हणतात. यामागे प्रत्यक्ष प्रयोग होता: तापवून लाल केलेल्या लोखंडावरून वाफ नेली की लोखंड ऑक्सिजन धरून ठेवते आणि हायड्रोजन मोकळा होतो. (त्याच वेळी रूढ झालेले ‘ऑक्सिजन’, म्हणजे आम्लजनक, हे नाव मात्र चुकीचे ठरले, कारण हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नसतोच.)

मराठी वाचकाला हे नाव परके वाटण्याचे कारण नाही. आपल्या ‘उदक’मधील ‘उद’ आणि पाण्यासाठीचा ग्रीक शब्द एकाच प्राचीन मुळातून आले आहेत. ‘जनक’मधील ‘जन्’ आणि ग्रीक ‘गेन’ यांचेही तसेच. हिंदीतील ‘उदजन’ हा शब्द याच मुळांवर उभा आहे. मी स्वतः शिकवताना या नावाची फोड ‘उदकजनक’ अशी सांगतो, म्हणजे कोण कोणाला जन्म देतो याविषयी विद्यार्थ्यांच्या मनात संदेह राहत नाही.