महामारीत कलादालनं ऑनलाइन लोकांपर्यंत कशी पोहोचली? खानदेशात त्याचा कुणाला उपयोग झाला का?

मी चाळीसगाव तालुक्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. वर्गात घडलं त्यावरूनच सांगतो.

मार्च २०२०मध्ये दारं बंद झाली आणि बहुतेक मोठी दालनं आभासी सफरींकडे, म्हणजे घरबसल्या पडद्यावर दालन फिरवून दाखवण्याकडे, वळली. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाने राजा रविवर्मांच्या जयंतीला, एप्रिलमध्ये, त्यांच्या चित्रांची सफर खुली केली. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने मे महिन्यात डच चित्रकार रेम्ब्रांच्या 'नाइट वॉच' या चित्राचं ४४.८ गिगापिक्सेलचं, म्हणजे अतिशय बारकावे दाखवणारं छायाचित्र टाकलं. रंगाला गेलेले तडेसुद्धा दिसतात त्यात. मी रात्र रात्र पाहिलंय ते. पण माझ्या मुलांच्या घरी मोबाइल एकच, तोही वडील शेतातून आल्यावर मिळणार. नेटला रेंज नाही. सफर उघडायच्या आत मुलं कंटाळून जायची.

आमच्यापर्यंत पोहोचली ती लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयाची हाक. आवडीचं चित्र निवडा, घरातल्या वस्तू घेऊन ते स्वतः उभं करा, फोटो पाठवा. कल्पना मूळची एका डच इन्स्टाग्राम खात्यावरची. इथे बघणाऱ्याकडे काहीतरी मागितलं होतं, म्हणून जगभरातून लोकांनी दिलं. नुसतं 'या, बघा' म्हणून माणूस फार वेळ थांबत नाही, असं माझं ठाम मत आहे.

मी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सावळाराम हळदणकरांचं दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र पाठवलं. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, आणि त्यासाठी त्यांची मुलगीच उभी राहिली होती, एवढं आवाज रेकॉर्ड करून सांगितलं. आठवीतल्या एका मुलीने आईला उभं केलं. आईचा मला फोन, "मास्तर, मना फोटू कसाले?" रात्री फोटो आला. समईऐवजी पणती, वाऱ्याला आडवा धरलेला हात, बोटांच्या कडा लालसर उजळलेल्या. मागे कणगी. बोटांतून झिरपणारा तो उजेड मी फळ्यावर कितीदा समजावला असेन. त्या पोरीला तो एका संध्याकाळी कळला.

मग मी मुलांना केकी मूस सांगितले. आपल्याच चाळीसगाव स्टेशनजवळच्या बंगल्यात हा कलावंत सुमारे ५० वर्षं जवळपास घराबाहेर न पडता राहिला. टेबलावर साध्या वस्तू मांडून अख्खे देखावे उभे करायचा आणि त्यांची छायाचित्रं घ्यायचा. १९८९मध्ये ते गेले, बंगला आता संग्रहालय आहे. घरात कोंडलेल्या मुलांना हा माणूस लगेच आपला वाटला.

दुसऱ्या दिवशी सहावीतल्या एकाने फोटो टाकला. परातीत ज्वारीच्या पिठाचे डोंगर, मागे निळी साडी ताणलेली, पायथ्याशी काडेपेटीचं घर. खाली लिहिलं होतं, 'सर, सातपुड्यावर बर्फ पडला.'