घरातला आणि कामावरचा कित्ता : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बायबलमधल्या मत्तय ५:१६ मध्ये येशू म्हणतो, तुमची सत्कर्मे लोकांना दिसू द्या. लगेच ६:१ मध्ये म्हणतो, लोकांनी पाहावे म्हणून धर्माचरण करू नका. मग करायचे काय?

उत्तर : ६:१ पुढे १८ व्या वचनापर्यंत सलग वाचा. तिथे तीनच गोष्टी आहेत : दानधर्म, प्रार्थना आणि उपास. या तिन्हींत नाव कमावणे फार सोपे, म्हणून त्यांची वाच्यता आपण होऊन करू नये. याउलट ५:१६ नंतर येतात ते राग, समेट, ‘होय’ ते ‘होय’ म्हणण्याचा खरेपणा, वैऱ्यावर प्रीती. या गोष्टी लपवू म्हटले तरी लपत नाहीत. शंका आली तर स्वतःला विचारा : हे कोणालाच कळणार नसते, तरी मी केले असते का?

प्रश्न : कार्यालयात माझ्या टेबलावर बायबलचे वचन लावलेले आहे. एवढ्याने माझ्या विश्वासाची साक्ष होते का?

उत्तर : वचन लावल्याने सहकाऱ्यांच्या हाती तुम्हाला मोजायची पट्टी येते, एवढेच. तीताला लिहिलेल्या पत्रात (२:९-१०) प्रेषित पौल दासांना सांगतो की उलट बोलू नका, काही लांबवू (चोरू) नका, म्हणजे देवाच्या शिकवणीला शोभा येईल. ज्यांच्या हाती काहीच अधिकार नव्हता, त्यांना हे सांगितले आहे. आजही कागद, कामाचे तास, दुसऱ्याचे श्रेय हे सगळे लांबवता येतेच. ‘बघतो’, ‘करतो’ म्हणण्याऐवजी दिवस आणि वेळ सांगा. जमणार नाही असे दिसले, तर मुदत उलटायच्या आधी कळवा; नंतर दिलेले कारण खरे असले तरी बहाणाच वाटते. दुसऱ्याने केलेले काम वरिष्ठांपुढे त्याच्या नावानिशी सांगा. या सगळ्यात विश्वासाचा विषय तुम्ही काढू नका. कोणी विचारले तर उत्तर तयार ठेवा, तेही सौम्यतेने (१ पेत्र ३:१५-१६).

प्रश्न : मुलांसमोर माझा तोल जातो. आता थोरला कौटुंबिक प्रार्थनेला बसायला नाही म्हणतो.

उत्तर : १ पेत्र २:२१ मध्ये ख्रिस्ताने आपल्याला ‘कित्ता’ घालून दिला असे म्हटले आहे. तिथला मूळ ग्रीक शब्द नव्या करारात एकदाच येतो. मुलांनी गिरवावीत म्हणून काढून दिलेली अक्षरे, असा त्याचा अर्थ. ती अक्षरे ख्रिस्ताची, तुमची नव्हेत. तुम्हीही गिरवणारेच. तुमचे अक्षर चुकले तर चुकले म्हणा, नाहीतर मुले तेच बरोबर समजून गिरवतील.

माफी त्याच दिवशी मागा. सूर्य मावळेपर्यंत राग राहू नये (इफिस ४:२६). मुलाच्या उंचीला बसा. नेमके काय चुकले ते सांगा : ‘मी ओरडलो आणि तुला मूर्ख म्हणालो.’ मग क्षमा मागा आणि थांबा. माफी बिघडते ती इथे. ‘तुला वाईट वाटले असेल तर’ म्हटले की दोष त्याच्या वाटण्यावर जातो. ‘पण तूही’ म्हटले की माफी संपते आणि खटला सुरू होतो. त्याने लगेच क्षमा करावी असा आग्रह नको. चूक त्याचीही असेल, तर ती दुसऱ्या दिवशी वेगळी काढा.

वस्तू मोडली किंवा पैसे बुडाले असतील तर शब्द पुरत नाहीत. लेवीय ६:५ मध्ये मूळ रकमेवर पाचवा हिस्सा जास्त द्यायला सांगितले आहे, म्हणजे शंभराचे एकशेवीस. जक्कय नावाचा जकातदार तर चौपट द्यायला निघाला (लूक १९:८).

आणि तूर्त त्याला प्रार्थनेला ओढून बसवू नका. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितले आहे (मत्तय ५:२३-२४). हा क्रम घरातही लागू आहे.

प्रश्न : यजमान विश्वासात नाहीत. मंडळीत (चर्चमध्ये) चला म्हणून मी रोज सांगते.

उत्तर : रोज सांगणे थांबवा. १ पेत्र ३:१ मध्ये पती ‘वचनावाचून’, म्हणजे न बोलता, पत्नीच्या वर्तनाने विश्वासासाठी मिळवला जाईल असे म्हटले आहे. वर्षातून एखादे वेळी, त्यांना सोयीचे असेल तेव्हा बोलवा. नाही म्हणाले तर त्या दिवशी तोंड पाडू नका. मात्र घरात मारहाण होत असेल तर हे वचन गप्प राहून सोसण्यासाठी नाही. आधी सुरक्षित ठिकाणी जा आणि मदत मागा.