बाँडपटाचा दिग्दर्शक: नाव नंतर, आधी काम ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या आपल्या चित्रपटप्रेमी मंडळींनी जेम्स बाँडच्या पुढच्या चित्रपटावर रविवारी चर्चा ठेवली आहे. दिग्दर्शक म्हणून ‘सिकारिओ’ आणि ‘ब्लेड रनर २०४९’ करणारे दनी व्हिलनव्ह यांचं नाव जून २०२५ मध्ये जाहीर झालं. १९६२ पासून चालत आलेल्या मालिकेसाठी एखादा दिग्दर्शक योग्य आहे की नाही, हे कशावरून ठरवायचं, असं मंडळींतल्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यावर दोघातिघांनी लिहिलंय, ‘मोठा दिग्दर्शक आहे, म्हणजे चांगलाच करेल.’ हे मला मुळीच पटत नाही. या मालिकेत मोठ्या नावांचे फसलेले चित्रपट आहेत आणि फारसं नाव नसलेल्यांनी तारलेलेही आहेत.

आपण इंदूरकर मराठी माणसं नाटकावर वाढलेली. इथल्या सानंद या संस्थेच्या नाट्यप्रयोगांना नेमाने जाणारा प्रेक्षक दिग्दर्शकाला जोखतो ते नटांच्या कामावरून, हालचालींवरून, प्रवेश कसा चढत गेला त्यावरून. ही नजर बाँडपटालाही लागते, पण ती अर्धंच दाखवते. उरलेलं अर्धं काम तालमीच्या खोलीत होत नाही, आणि निवड चुकते ती बहुधा तिथेच.

पहिला प्रश्न दिग्दर्शकाबद्दलचा नसतोच. मालिका आत्ता कुठल्या अडचणीत आहे, हे आधी विचारायचं. नवा नट आणायचा आहे? आधीचा चित्रपट अति झाल्यामुळे गाडी जमिनीवर आणायची आहे? चाललंय ते नीट चालू ठेवायचं आहे? की एका नटाची कारकीर्द संपवायची आहे? ही चार कामं वेगळी आहेत आणि चारही तितकीच चांगली करणारा माणूस मिळणं अवघड.

उदाहरणं घ्या. १९७९ च्या ‘मूनरेकर’मध्ये बाँड अंतराळात जाऊन लेझरच्या लढाईत पोचला. त्याच्या वर जायला जागाच उरली नव्हती. निर्मात्यांनी बाहेरून कोणी आणला नाही, घरातल्याच जॉन ग्लेनला बढती दिली. त्याने ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’ (१९६९), ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’ (१९७७) आणि ‘मूनरेकर’ यांचं संकलन केलं होतं, दुसऱ्या युनिटचं, म्हणजे पाठलाग आणि स्टंट वेगळे चित्रित करणाऱ्या तुकडीचं, दिग्दर्शनही केलं होतं. १९८१ चा ‘फॉर युवर आइज ओन्ली’ त्याने पुन्हा दोर, कडे, बर्फ आणि पाठलाग यांवर आणला. १९८१ ते १९८९ मध्ये त्याने सलग पाच बाँडपट केले. इतके दुसऱ्या कुणीच केले नाहीत. चालू ठेवण्याच्या कामाला असा माणूस लागतो: वेळ पाळणारा, युनिटमधल्या प्रत्येकाला ओळखणारा. उदयपूरला चित्रित झालेला ‘ऑक्टोपसी’ (१९८३) त्याचाच. त्यातला रिक्षांचा पाठलाग आज बाळबोध वाटतो. पण विदूषकाच्या वेशातला बाँड सर्कशीच्या तंबूत अणुबॉम्ब निकामी करायला धावतो, तेव्हा सगळा तंबू हसत असतो आणि आपण मात्र घड्याळाकडे बघत असतो. थट्टा आणि ताण एकाच चित्रपटात सांभाळणं हे या मालिकेतलं सगळ्यात अवघड काम आहे.

नव्या नटाचं काम वेगळं. मार्टिन कॅम्पबेलने ते दोनदा केलं: १९९५ मध्ये ‘गोल्डनआय’ला पिअर्स ब्रॉस्नन, २००६ मध्ये ‘कसिनो रॉयाल’ला डॅनियल क्रेग. पहिल्या वेळी मालिका कोर्टकज्ज्यांमुळे सहा वर्षं बंद होती. दुसऱ्या वेळी त्याआधीच्या ‘डाय अनदर डे’ या बाँडपटातली अदृश्य होणारी मोटार आणि संगणकाने काढलेली लाट लोकांच्या मनातून पुसायची होती. ‘कसिनो रॉयाल’ची कृष्णधवल सुरुवात नीट पाहा. एक खून थंडपणे, जवळपास बसल्या जागी. दुसरा स्वच्छतागृहात, धडपडत, बेसिनवर आपटत. दोन्ही आलटून पालटून दाखवलेत, आणि काही मिनिटांत हा नवा माणूस कोण आहे ते कळतं. कुणी समजावून सांगत नाही. नवा नट आणणाऱ्या दिग्दर्शकाकडे हीच ताकद हवी. नटाचं गेल्या नटाशी नातं काय, हे कृतीतून आणि लवकर दाखवता आलं पाहिजे. गाजलेल्या नाटकात बदली नट उभा करताना जुन्याच्या जागा त्याच्याकडून गिरवून घेतल्या की प्रयोग पडतो, तसंच इथेही होतं.

आता दुसऱ्या युनिटाकडे येतो, कारण चर्चेत हे कोणी काढतच नाही. मुख्य दिग्दर्शक लंडनजवळच्या पाइनवूड स्टुडिओत नटांबरोबर संवादाचे प्रसंग घेत असतो, तेव्हाच वेगळा दिग्दर्शक, वेगळा कॅमेरामन आणि स्टंटवाले दुसऱ्या देशात पाठलाग चित्रित करत असतात. ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’मधली प्रसिद्ध स्की-उडी घ्या. ती कॅनडाच्या बॅफिन बेटावरच्या माउंट अ‍ॅसगार्डवरून स्टंटमन रिक सिल्व्हेस्टरने मारली, चित्रित केली ती ग्लेनच्या तुकडीने, आणि चित्रपटाचा दिग्दर्शक होता लुईस गिल्बर्ट. बाँड झालेल्या रॉजर मूरचे जवळचे शॉट स्टुडिओत, मागे पडद्यावर बर्फ दाखवून घेतलेले. तरी प्रेक्षक श्वास रोखतो. याचं कारण म्हणजे कड्यावरून सुटल्यावर संगीत थांबतं आणि पॅराशूट उघडेपर्यंत ती शांतता कोणी मोडत नाही.

म्हणून दिग्दर्शक निवडताना विचारायचं: दुसऱ्याने चित्रित केलेलं आपलंसं करता येतं का? ज्याला प्रत्येक शॉटच्या मागे स्वतः उभं राहायचं असतं, त्याचं वेळापत्रक इथे कोसळतं. उलट जो स्टंटचे प्रसंग पूर्ण सोडून देतो, त्याच्या चित्रपटात दोन वेगळे चित्रपट दिसतात, एक बोलणारा आणि एक धावणारा. यावर उपाय म्हणजे चित्रीकरणाआधी प्रत्येक मोठ्या प्रसंगाचा रेखाटनांचा आराखडा, त्यात नटाचे जवळचे शॉट कुठे बसणार याच्या खुणा, आणि दोन्ही युनिटांसाठी एकच ठरलेली कॅमेऱ्याची भाषा. हे कागदावर नसेल तर जोडकाम संकलकाच्या टेबलावर येतं. मग तुकडे लहान होत जातात आणि कोण कुठे आहे तेच कळेनासं होतं.

‘क्वांटम ऑफ सोलेस’ (२००८) मध्ये काय झालं ते याच बाजूने बघावं. मार्क फॉर्स्टर नाट्यमय चित्रपटांचा चांगला दिग्दर्शक. दुसऱ्या युनिटवर होता जेसन बोर्न या हेराच्या चित्रपटांतून आलेला डॅन ब्रॅडली. त्यात हॉलिवूडमधला लेखकांचा संप नोव्हेंबर २००७ मध्ये सुरू झाला, फेब्रुवारी २००८ मध्ये मिटला; चित्रीकरण जानेवारीत सुरू झालेलं. पटकथा अपुरी. क्रेगने पुढे मुलाखतीत सांगितलं की तो आणि फॉर्स्टर मिळून प्रसंग लिहीत होते. प्रदर्शनाची तारीख हलणार नव्हती. परिणाम १०६ मिनिटांच्या चित्रपटात दिसतो: सुरुवातीचा मोटारींचा पाठलाग इतका बारीक कापलाय की कुठली गाडी कुणाची हे शोधावं लागतं. दोष एकट्या फॉर्स्टरचा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. पटकथा पक्की नसताना दिग्दर्शक कितीही गुणी असो, तो भोकं बुजवत बसतो.

‘स्कायफॉल’ची गोष्ट नेमकी उलटी. एमजीएम ही हॉलिवूडची चित्रपट कंपनी आर्थिक संकटात आल्याने २०१० मध्ये काम थांबलं. सॅम मेंडिस तोवर जोडला गेलेला, आणि त्या सक्तीच्या थांबण्यात पटकथेवर काम होत राहिलं. मेंडिस रंगभूमीचा माणूस, लंडनच्या डॉनमार वेअरहाउस या नाट्यगृहाचा. पाठलागांचा अनुभव त्याला नव्हता. ती उणीव दुसऱ्या युनिटवर अलेक्झांडर विट, संकलनाला स्टुअर्ट बेअर्ड आणि कॅमेऱ्याला रॉजर डीकिन्स यांनी भरून काढली. विट आणि बेअर्ड ‘कसिनो रॉयाल’ला होतेच. शांघायच्या इमारतीतली मारामारी तर निऑनच्या उजेडावर नुसत्या सावल्यांची आहे, न कापता लांब चालते, आणि तरी हात-पाय सगळं कळतं. मात्र त्याच मेंडिसला ‘स्पेक्टर’साठी (२०१५) परत आणलं तेव्हा मेक्सिको सिटीतली सुरुवातीची लांब चाल देखणी झाली, आणि खलनायकाला बाँडच्या लहानपणाशी जोडणारी कथा मात्र ओढूनताणून आणलेली वाटली. एकदा जमलं म्हणून दुसऱ्यांदा जमेल, हे गृहीत धरू नये. दरवेळी पहिला प्रश्न नव्याने विचारावा लागतो.

निर्मात्यांशी मत जुळणं हा भाग मी दोन ओळींत संपवतो, पण तो निर्णायक आहे. ‘नो टाइम टू डाय’साठी आधी दिग्दर्शक डॅनी बॉईल स्वतःचा लेखक घेऊन आला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये मतभेदांवरून बाहेर पडला. सप्टेंबरमध्ये त्याच्या जागी कॅरी फुकुनागा आला आणि प्रदर्शनाची तारीख ऑक्टोबर २०१९ वरून पुढे गेली. पुढे कोविडच्या साथीमुळे ती अजून लांबली, तो भाग वेगळा. करार होण्याआधी तीन गोष्टी लेखी हव्यात: पटकथेवर शेवटचा शब्द कुणाचा, अंतिम संकलन कुणाचं, आणि शेवट बदलायला मोकळीक किती.

हिंदीत यशराजने वेगळी वाट धरली. ‘एक था टायगर’ (२०१२) कबीर खान, ‘टायगर जिंदा है’ (२०१७) अली अब्बास जफर, ‘वॉर’ (२०१९) आणि ‘पठाण’ (२०२३) सिद्धार्थ आनंद, ‘टायगर ३’ (२०२३) मनीष शर्मा, ‘वॉर २’ (२०२५) अयान मुखर्जी. इथे सातत्य दिग्दर्शकाकडून येत नाही, ते स्टुडिओ आणि नटांच्या प्रतिमेकडून येतं. ‘मिशन इम्पॉसिबल’ने आधी दरवेळी नवा माणूस घेतला (डी पाल्मा, जॉन वू, एब्रम्स, ब्रॅड बर्ड), मग २०१५ पासूनचे चारही क्रिस्टोफर मॅक्वारीकडे दिले. दोन्ही पद्धती चालू शकतात. पहिलीत प्रत्येक चित्रपटाला वेगळी चव येते. दुसरीत युनिट एकमेकांना ओळखतं आणि धोक्याचे स्टंट अधिक विश्वासाने होतात.

आता व्हिलनव्ह. काम पहिल्या प्रकारचं आहे: क्रेगचा बाँड ‘नो टाइम टू डाय’मध्ये मेला, म्हणजे नवा नट, नवी सुरुवात. लेखक स्टीव्हन नाइट. माझं मत अनुकूल आहे, पण अर्धवट. ‘सिकारिओ’मधला हुआरेझ शहरातून परतणारा मोटारींचा ताफा पाहा. सीमेवरच्या वाहतुकीत गाड्या अडकतात, बराच वेळ कुणी गोळी झाडत नाही, आजूबाजूच्या काचांआड एकेक माणूस दिसत जातो, आणि गोळीबार होतो तो क्षणात संपतो. धोका कुठल्या दिशेने येणार, हे तो आधी मांडून ठेवतो. बाँडला हेच हवं. शंका दोन आहेत. एक, हलकेपणा: खलनायकासमोर बसून बाँडने एखादं वाक्य टाकावं आणि टॉकीज हसावं, हे त्याच्या चित्रपटांत फारसं सापडत नाही. दुसरी, लांबी: ‘ब्लेड रनर २०४९’ १६३ मिनिटांचा आहे. ‘नो टाइम टू डाय’ही तेवढाच होता आणि मधला भाग सैल पडला होता.

रविवारसाठी सुचवतो. पूर्ण चित्रपट लावू नका, पाच तुकडे पुरेत: ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’मधली रेल्वेच्या डब्यातली मारामारी, ‘कसिनो रॉयाल’ची सुरुवात, ‘क्वांटम’चा मोटारींचा पाठलाग, ‘स्कायफॉल’मधलं शांघाय आणि शेवटी ‘सिकारिओ’चा ताफा. प्रत्येक तुकडा एकदा आवाज बंद करून लावा आणि प्रेक्षकांना कागदावर खोलीचा किंवा रस्त्याचा नकाशा काढायला सांगा: दार कुठे, शत्रू कुठे, बाँड कुठे. मग आवाजासह पुन्हा लावा आणि संगीत कुठे थांबतं ते टिपा. दुसऱ्या फेरीनंतर व्हिलनव्हबद्दल हात वर करायला सांगा. पहिल्या फेरीआधीचा कौलही घेऊन ठेवा, म्हणजे कुणाचं मत कुठल्या तुकड्यामुळे बदललं ते तिथल्या तिथे विचारता येईल.