दोन ऑटोनॉमस सिस्टिममध्ये व्हीपीएन चालतं, मग मल्टिकास्टच का अडतं?

तुम्ही लिहिलंय की सातपूरच्या प्लँटमधला व्हिडिओ चेन्नईच्या ऑफिसात मल्टिकास्टने (एकच प्रवाह, मागेल त्या सगळ्यांना) पोचवायचाय, दोन्ही टोकं वेगळ्या एएसमध्ये (ऑटोनॉमस सिस्टिम, म्हणजे एका कंपनीच्या ताब्यातलं नेटवर्क) आहेत, मधे ऑप्शन बी आहे, म्हणजे सीमेवरचे राउटर (एएसबीआर) व्हीपीएनचे रूट आणि लेबल एकमेकांना बीजीपी या प्रोटोकॉलने देतात. पिंग जातं, फाइल जाते, व्हिडिओ मात्र जात नाही. हाच गुंता मी अंबडच्या एका ग्राहकासाठी दोन रात्री सोडवत बसलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमच्याकडे पिम (मल्टिकास्टची वाट बांधणारा प्रोटोकॉल) आणि जीआरई (पॅकेट दुसऱ्या पॅकेटात गुंडाळणारं टनेल) यांवरचा जुना, ड्राफ्ट रोझेनचा प्रकार आहे असं धरतो.

पिंग गेल्याने इथे काहीच सिद्ध होत नाही. युनिकास्टला (एकाकडून एकालाच जाणारी साधी वाहतूक) नेक्स्ट हॉप (पुढचा राउटर) आणि लेबल (पॅकेटवरची वाटेची चिठ्ठी) मिळालं की भागतं. मधल्या, ग्राहकाशी थेट न जोडलेल्या पी राउटरांना पलीकडचा एकही पत्ता ठाऊक नसला तरी बिघडत नाही. मल्टिकास्टचा जॉइन (हा प्रवाह मलाही द्या, अशी रिसीव्हरकडची मागणी) उलटा, सोर्सच्या दिशेने चढतो. रामकुंडावरून ब्रह्मगिरीकडे निघालात तर प्रत्येक फाट्यावर वाट विचारावी लागेल, तसं. एका फाट्यावर उत्तर मिळालं नाही की जॉइन तिथेच संपला.

ऑप्शन बीमध्ये तो दोन ठिकाणी अडतो.

पहिलं रिसीव्हरकडच्या, म्हणजे चेन्नईच्या पीईवर (ग्राहकाला जोडणारा कडेचा राउटर). सोर्सच्या रूटचा नेक्स्ट हॉप एएसबीआरने बदललेला असतो, पण टनेलवरचा पिम शेजारी असतो सातपूरचा पीई. दोन्ही जुळत नाहीत आणि आरपीएफ (सोर्सकडची वाट जुळते का, ही तपासणी) फेल होतो. यासाठी बीजीपीचं कनेक्टर अ‍ॅट्रिब्यूट आहे. मूळ पीईचा पत्ता ते सोबत नेतं.

दुसरं ठिकाण कोअरमध्ये, आणि आम्ही फसलो ते इथेच. डिफॉल्ट एमडीटीचा (व्हीपीएनच्या सगळ्या पीईंना जोडणारं मल्टिकास्टचं झाड) जॉइन पलीकडच्या पीईच्या लूपबॅककडे (राउटरचा स्वतःचा कायमचा पत्ता) जायला हवा, पण पी राउटरांकडे तो रूटच नसतो. आरपीएफ व्हेक्टर (आरएफसी 5496, 2009) जॉइनमध्येच एएसबीआरचा पत्ता घालतो, म्हणजे मधल्यांनी तेवढीच वाट शोधायची. वाटेतल्या प्रत्येक राउटरला हा व्हेक्टर कळला पाहिजे. आमच्याकडे एका जुन्या पी राउटरच्या सॉफ्टवेअरला तो कळत नव्हता. आम्ही दोन रात्री एएसबीआरच तपासत राहिलो, कारण सीमेवर काहीतरी बिघडलंय असं सगळ्यांनाच वाटत होतं. शेवटी एकेक हॉप करत एमराउट (राउटरमधल्या मल्टिकास्टच्या नोंदी) पाहिला तेव्हा सापडलं. पीईंना एकमेकांचे लूपबॅक कळावेत म्हणून एमडीटी सॅफी (बीजीपीतला एमडीटीच्या रूटांचा वेगळा प्रकार) दोन्ही एएसबीआरमधून जायला हवी, आणि ग्रुप (मल्टिकास्टचा पत्ता) 232.0.0.0/8 मधला, म्हणजे एसएसएमचा (सोर्स ठरवूनच जॉइन करायची पद्धत) घ्या. एसएसएम नसेल तर आरपी (सोर्स आणि रिसीव्हर जिथे भेटतात तो राउटर) लागतो; दोन कंपन्यांनी मिळून एक आरपी सांभाळायचा, या भानगडीत पडू नका.

एमटीयूवर (एका पॅकेटच्या आकाराची मर्यादा) सगळे लगेच बोट ठेवतात. जीआरई 24 बाइट वाढवतो हे खरं, पण ट्रान्सपोर्ट स्ट्रीमच्या (188 बाइटच्या तुकड्यांतला व्हिडिओ) पॅकेटात साधारण 7 × 188 म्हणजे 1316 बाइट असतात; हेडर धरूनही 1500 मध्ये आरामात बसतं. कॅमेरे मोठी पॅकेट्स पाठवत असतील तरच तिकडे पाहा.

माझं स्पष्ट मत: असे ग्राहक दोन-चारच असतील तर ऑप्शन ए करा. प्रत्येक व्हीआरएफला (राउटरमधलं त्या ग्राहकाचं वेगळं रूटिंग टेबल) सीमेवर सबइंटरफेस, त्यावर पिम, आणि समोरचा एएसबीआर सीईसारखा (ग्राहकाकडच्या राउटरसारखा). काम वाढतं, पण रात्री दोन वाजता फोन आला तर काय तुटलंय ते समजतं. नव्याने उभारणार असाल तर आरएफसी 6514 ची बीजीपीवाली पद्धत घ्या. तिच्यातल्या टाइप 2 रूटमुळे टनेलचे तुकडे एएसबीआरवर जोडता येतात. टनेल उभारायला इकडे एमएलडीपी, तिकडे आरएसव्हीपी-टीई अशा वेगळ्या पद्धती असल्या तरी चालतं. समोरच्या कंपनीला तिचं कोअर बदलायला लावणं किती अवघड असतं हे अनुभवलंय, म्हणून मला हीच सोय सगळ्यात मोलाची वाटते.

आज एवढंच करा: रिसीव्हरकडच्या पीईवर व्हीआरएफमध्ये सोर्सचा आरपीएफ पाहा. शेजारी म्हणून एएसबीआर दिसला तर कनेक्टर पोचत नाहीये. टनेलवर पलीकडचा पीई पिम शेजारी म्हणून दिसतच नसेल तर एमडीटी सॅफीचा रूट आलाय का ते आधी पाहा, आणि मग तिथून एएसबीआरपर्यंत प्रत्येक पी राउटरवर एमराउट बघत जा. जिथे नोंद संपते ते नाव इथे टाका, पुढचं मिळून पाहू.