'ट्रेस', मागमूस आणि डोक्यात जाणारं 'नगण्य'

प्रश्न असा आलाय की 'हवेत बेंझीनचे ट्रेसेस (म्हणजे अगदी थोडा अंश) सापडले' हे मराठीत कसं लिहायचं, 'मागमूस' चालेल का, आणि नाहीतर सरळ 'नगण्य प्रमाणात आढळलं' म्हटलं तर काय बिघडलं.

बिघडलं ना! हे नगण्य हल्ली जिथेतिथे ठोकून देतात. नगण्य म्हणजे जे गणतीतसुद्धा धरायचं नाही ते. आता बेंझीनच घ्या, बाहेरच्या हवेसाठी भारतात त्याची वार्षिक मर्यादा आहे 5 मायक्रोग्रॅम दर घनमीटरला, म्हणजे साधारण 1.6 पीपीबी, म्हणजे हवेच्या शंभर कोटी रेणूंमागे दीडएक रेणू. एवढुश्शासाठी नियम करावा लागला कारण त्याने रक्ताचा कॅन्सर होतो, आणि अमुक पातळीच्या खाली सुरक्षित असं काही सांगता येत नाही हे डब्ल्यूएचओच म्हणते. आणि तुम्ही त्याला गणतीतून बाहेर काढताय? कार्बन डायऑक्साइडसुद्धा ट्रेस गॅसच आहे, 420 पीपीएमच्या वर (हवेच्या दहा लाख रेणूंमागे इतके), म्हणा बघू त्याला नगण्य.

दुसरी मंडळी 'लेशमात्र' घेऊन येतात. दिसायला भारदस्त आहे, पण आपण ते वापरतो कसं? 'लेशमात्र शंका नाही'. पुढे नाही आल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. 'हवेत लेशमात्र बेंझीन आहे' वाचून मला पुढचा शब्द गळालाय असंच वाटतं.

खरी गंमत 'माग' मध्ये आहे. कापड विणायचा माग सोडा, तो सगळ्यांना माहितीये. माग काढणे मधला माग म्हणजे संस्कृत मार्ग, प्राकृतात मग्ग, मग माग. आणि मार्ग आलाय मृगावरून! मृग म्हणजे नुसतं हरीण नव्हे, रानातलं कुठलंही जनावर, म्हणून तर सिंह मृगराज. जनावर जिथून गेलं ती वाट म्हणजे मार्ग, त्याच्या पाठी लागणं म्हणजे मृगया, आणि आपलं रोजचं 'मागणं'सुद्धा त्याच घरातलं, मुळात शोधणं. डांबरी रस्ता वगैरे अर्थ सगळे नंतरचे.

आता केमिस्ट लोकांचा ट्रेस बघा. तो लॅटिनमधल्या ओढणे या अर्थाच्या शब्दावरून आलाय, ओढत नेलेल्या वस्तूची मागे राहणारी रेघ. आणि लॅबमध्ये त्याचा जुना काटेकोर अर्थ असा की पदार्थ आहे हे कळलं पण किती आहे ते मोजता येत नाही. खुराचा ठसा दिसला, जनावर इथून गेलंय हे नक्की, पण त्याचं वजन ठशावरून कसं सांगणार! 'माग' हा इतका चपखल शब्द घरात असताना लोक नगण्यच्या दारात का जातात मला कळत नाही. हवेतलं बेंझीन शोधायचा सगळा प्रकारही शिकारीसारखाच आहे. आतली हवा काढून टाकलेला स्टीलचा कॅनिस्टर नेऊन उघडायचा की तो हळूहळू बाहेरची हवा ओढून घेतो, किंवा शोषक पावडर भरलेल्या बारीक नळीतून तासन्‌तास हवा खेचायची, रेणू त्यात अडकून साठत जातात (सापळाच की हा), मग नळी तापवून त्यांना सोडायचं आणि गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये एकेकाला वेगळं करून ओळखायचं.

राहिला मागमूस. यातला 'मूस' निरर्थक, नुसता माग ला जोडून आलेला, असं छातीठोक सांगणारे भेटतात. मला हे अजिबात पटत नाही, अर्थ लागला नाही की निरर्थक म्हणायचं ही आळशी पद्धत आहे. माझी थिअरी अशी की ही सोनाराची मूस, संस्कृत मूषा, धातू आटवायचं भांडं. रानात माग लागतो तसा सोन्यातल्या भेसळीचा पत्ता मुशीत लागतो, म्हणजे मागमूस हा शिकारी आणि पारखी यांचा जोडशब्द! कोणी उंदीर म्हणेल, मूषक, मुष् म्हणजे चोरणे, म्हणजे चोराचा माग. वाईट नाही, पण मी मुशीवरून हटणार नाही.

हां, मूळ प्रश्न. मागमूस चालणार नाही, तोही नकारातच शोभतो. 'बेंझीनचा माग लागला' लिहा, आणि मोजलेला आकडा असेल तर माग वगैरे काही नको, 'बेंझीन 2 पीपीबी आढळलं' असं सरळ लिहा. पण नकारात चालतो म्हणून रिपोर्टमध्ये 'आढळले नाही' दिसल्यावर लगेच 'विषारी वायूचा मागमूसही नाही' अशी हेडिंग करू नका. तिथे अर्थ एवढाच असतो की प्रमाण त्या यंत्राच्या डिटेक्शन लिमिटच्या, म्हणजे त्याला ओळखता येणाऱ्या किमान प्रमाणाच्या, खाली आहे, शून्य आहे असं कोणीही म्हटलेलं नसतं. यंत्र बदललं की तोच रिपोर्ट 'आढळले' होऊ शकतो.