प्रदेश विकत घेताना नेमकं काय विकत मिळतं?

प्रश्न : ग्रीनलंड विकत घेण्याची भाषा अमेरिकेकडून पुन्हा पुन्हा ऐकू येते. एका देशाने दुसऱ्याचा प्रदेश पैसे देऊन घेणं आजच्या कायद्यात बसतं का?

बसतं. दोन सार्वभौम देशांनी राजीखुशीने करार करून प्रदेश हस्तांतरित करायला आंतरराष्ट्रीय कायद्याची मनाई नाही. मोबदला रोख असो, दुसरी जमीन असो की काहीच नसो, तो त्यांचा प्रश्न. मात्र धाक दाखवून किंवा बळ वापरून करवून घेतलेला करार मुळातच रद्दबातल ठरतो. देशांमधले करार कसे व्हावेत हे ठरवणाऱ्या १९६९च्या व्हिएन्ना कराराचं ५२वं कलम हेच सांगतं. त्यामुळे ‘विका, नाहीतर बघून घेऊ’ अशा सुरात सुरू झालेला सौदा सहीच्या आधीच नासलेला असतो.

इथे एक गल्लत नेहमी होते. जमिनीची मालकी वेगळी आणि सार्वभौमत्व वेगळं. समुद्राची पातळी वाढण्याच्या भीतीने किरिबातीने २०१४ साली फिजीमध्ये सुमारे २० चौरस किलोमीटर जमीन घेतली. किरिबाती तिथे जमीनमालक झाला, पण त्या जमिनीवर कायदा, पोलीस आणि न्यायालयं फिजीचीच राहिली. आपण ज्याबद्दल बोलतोय त्या व्यवहारात झेंड्यासकट हे सगळंच बदलतं.

प्रश्न : असा व्यवहार प्रत्यक्षात कसा पार पडतो? आणि कुठे अडतो?

पहिली तपासणी विकणाऱ्याच्या हक्काची. १८९८ साली स्पेनने फिलिपिन्स २ कोटी डॉलरला अमेरिकेला दिलं. करारात आखलेल्या रेषेच्या आत पाल्मास नावाचं एक छोटं बेटही येत होतं. तिथे प्रत्यक्ष कारभार मात्र डचांचा होता. वाद लवादापुढे गेला आणि १९२८ मध्ये मॅक्स ह्यूबर यांनी निकाल नेदरलँड्सच्या बाजूने दिला : स्पेनकडे जो हक्क नव्हता, तो स्पेन दुसऱ्याला देऊच शकत नव्हता.

दुसरी गोष्ट हद्दीची, आणि बहुतेक घोळ इथेच होतात. १८०३ मध्ये अमेरिकेने फ्रान्सकडून लुइझियाना घेतलं, तेव्हा करारात सीमारेषा नव्हतीच. फ्रान्सच्या आधी स्पेनच्या ताब्यात होतं तेवढं, अशा अर्थाचं जुनं वाक्य उचलून ठेवलेलं होतं. त्यातून स्पेनशी जो वाद लागला तो १८१९च्या करारापर्यंत चालला. म्हणून हल्ली अक्षांश-रेखांश, नकाशा आणि दोन्ही देशांच्या सर्वेक्षकांनी मिळून रोवलेले सीमास्तंभ हे सगळं कराराचाच भाग करतात. किनारा असेल तर समुद्री हद्दही स्पष्ट लिहावी लागते, कारण बेट लहान असलं तरी त्याच्याबरोबर मासेमारीचं आणि खनिजांचं मोठं क्षेत्र येऊ शकतं.

तिसरी पायरी घरच्या मंजुरीची. सरकारने सही केली म्हणजे काम झालं असं नसतं. पश्चिम बंगालमधल्या बेरुबारीचा भाग पाकिस्तानला देण्याचं भारताने मान्य केलं, पण १९६०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भारताचा प्रदेश दुसऱ्या देशाला द्यायचा तर घटनादुरुस्तीच हवी. ग्रीनलंड ज्याच्या अखत्यारीत आहे त्या डेन्मार्कच्या राज्यघटनेतही संसदेची संमती लागते. मेक्सिकोकडून १ कोटी ५० लाख डॉलरला ठरलेली गॅड्सडेन खरेदी अमेरिकी सिनेटने कापून १ कोटीवर आणली, आणि जमीनही कमी झाली.

पैशाची मंजुरी आणि कराराची मंजुरी एकाच सभागृहाकडे असतील असंही धरून चालू नये. अलास्काचा ७२ लाख डॉलरचा करार सिनेटने १८६७ मध्ये मंजूर केला, त्याच ऑक्टोबरमध्ये ताबाही मिळाला. पण तिजोरीची किल्ली प्रतिनिधिगृहाकडे होती. रशियाच्या हातात पैसे पडले ते ऑगस्ट १८६८ मध्ये. विकणाऱ्याने ताबा आणि रक्कम एकाच दिवसाला बांधावी, हा यातला साधा व्यवहार.

शेवटी उरतात सरकारी इमारती, प्रदेशावरचं कर्ज, चालू खटले, नोकरांची निवृत्तिवेतनं आणि रहिवाशांचं नागरिकत्व. हे कंटाळवाणे परिशिष्टांचे भाग, पण पुढची पन्नास वर्षं भांडणं यांवरूनच होतात. करार झाला की संयुक्त राष्ट्रांकडे नोंदवायचा. नोंदला नाही तर संयुक्त राष्ट्रांच्या कोणत्याही संस्थेपुढे त्याचा आधार घेता येत नाही.

प्रश्न : किंमत कोण ठरवतं?

बाजारभाव असा काही नसतो. विकणाऱ्याची निकड आणि घेणाऱ्याची गरज, एवढंच. लुइझियानाचे दीड कोटी डॉलरही सगळे रोख नव्हते. फ्रान्सला मिळायचे ते ६ टक्के व्याजाचे रोखे होते आणि उरलेल्या रकमेत अमेरिकी नागरिकांचे फ्रान्सवरचे दावे भागवायचे होते.

प्रश्न : तिथे राहणाऱ्या लोकांना विचारायला नको का?

विचारायलाच हवं, आणि जुन्या सौद्यांचा खरा दोष इथेच आहे. १९१७ मध्ये डेन्मार्कने कॅरिबियनमधली बेटं अडीच कोटी डॉलरच्या सोन्याला अमेरिकेला दिली. आधी सार्वमत घेतलं, पण ते डेन्मार्कमध्ये. बेटांवरच्या लोकांना त्यात मत नव्हतं, आणि अमेरिकी नागरिकत्व मिळायला १९२७ उजाडलं. अलास्कात तर मूळ रहिवाशांच्या जमिनीचा प्रश्न १९७१च्या कायद्याने सुटला. तेव्हा ४ कोटी ४० लाख एकर जमीन आणि ९६ कोटी २५ लाख डॉलर द्यावे लागले. खरेदीची रक्कम आठवा.

आता स्वयंनिर्णयाचा हक्क हा कायद्याचा भाग आहे. हिंदी महासागरातली चागोस बेटं मॉरिशसपासून तोडताना ब्रिटनने १९६५ मध्ये ३० लाख पौंड देऊ केले होते. तरीही २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की ती तोडणी लोकांच्या मुक्त इच्छेवर आधारलेली नव्हती. ग्रीनलंडच्या बाबतीत २००९चा स्वशासन कायदा तिथल्या लोकांना स्वतंत्र जनसमूह मानतो. म्हणजे कोपनहेगनशी किंमत ठरवून भागणार नाही. १९४६ मध्ये ट्रुमन सरकारने १० कोटी डॉलर देऊ केले तेव्हा ही अडचण कायद्यात नव्हती, आज आहे.

आमचं मत विचाराल तर निर्मनुष्य पट्टीची देवाणघेवाण करायला काहीच हरकत नाही. बेल्जियम आणि नेदरलँड्सने २०१८ मध्ये म्यूज नदीकाठचे तुकडे अदलाबदल केले, कारण नदीचा प्रवाह बदलल्याने बेल्जियमच्या पोलिसांना स्वतःच्याच जमिनीवर जाणं अवघड झालं होतं. वस्ती असेल तर मात्र त्याच प्रदेशात सार्वमत, कोणतं नागरिकत्व घ्यायचं याची निवड आणि ती करायला पुरेसा अवधी, या तीन गोष्टींशिवाय सौदा होऊ नये. भारत-बांगलादेशने २०१५ मध्ये एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या १६२ वस्त्यांची अदलाबदल केली तेव्हा रहिवाशांना नागरिकत्व निवडता आलं. त्यात पैशाचा व्यवहार नव्हता, पण पद्धत घेण्यासारखी आहे.

प्रश्न : मग विकण्यापेक्षा भाड्याने देणं बरं नाही का?

नाविक तळापुरती गरज असेल तर बरं, पण मुदत लिहिलेली हवी. चीनने ब्रिटनला भाड्याने दिलेल्या हाँगकाँगच्या न्यू टेरिटरीजचा १८९८चा करार ९९ वर्षांचा होता, म्हणून १९९७ ही तारीख सगळ्यांना ठाऊक होती. क्युबातल्या ग्वांतानामो या अमेरिकी नाविक तळाच्या करारात शेवटची तारीखच नाही. दोघांची संमती असल्याशिवाय किंवा अमेरिकेने तळ सोडल्याशिवाय तो संपत नाही. अमेरिका वर्षाला ४,०८५ डॉलरचा धनादेश पाठवते, क्युबा तो वटवत नाही, आणि तळ तिथेच आहे.