आधी विचारा, बंद पडला तर काय?

तुमचा प्रश्न वाचला आणि खपलीच निघाली. कॉर्गचे व्होल्का बास आणि व्होल्का बीट्स (एक छोटं बासचं यंत्र, एक ड्रमचं) आणि एक मोनो सिंथ (एका वेळी एकच सूर काढणारं इलेक्ट्रॉनिक वाद्य) आहे, डिसेंबरात गोव्यात समुद्रकाठच्या शॅकवर तासाभराचे सेट आहेत, लॅपटॉप न्यायचा नाही. मग हे सगळं एकत्र चालवायला सिक्वेन्सर (सूर-ठोक्यांचा क्रम साठवून बाकीच्या यंत्रांकडून वाजवून घेणारं यंत्र) म्हणून सेकंड हँड बीटस्टेप प्रो घ्यावा, सर्किट ट्रॅक्स घ्यावा की ऑक्सी वन थेट स्पेनहून मागवावा, असं तुम्ही विचारलंय. क्लॉक (सगळ्या यंत्रांचा सामाईक ठोका), चॅनेल वगैरे तुम्हाला येतंच असणार, त्यात वेळ घालवत नाही. मी तिसऱ्या पर्यायापासून सुरू करतो, कारण त्या वाटेने जाऊन मी हात पोळून घेतलेत.

ऑक्सी वन वाईट आहे असं अजिबात नाही. चार सिक्वेन्सर, आठ सीव्ही, आठ गेट (व्होल्टेजने सूर आणि ठोका सांगणारे जोड), आत बॅटरी. पण तुमच्याकडे सीव्हीवर चालणारा मॉड्युलर, म्हणजे सुट्या भागांचा सिंथ काही दिसत नाही, म्हणजे त्या सोळा भोकांचे पैसे तुम्ही नुसते मोजणार. आणि खरा मुद्दा वेगळाच आहे.

माझ्याकडे असाच एका छोट्या परदेशी कंपनीचा सिक्वेन्सर होता. (हा वेगळा, कंपनीचं नाव घेत नाही, कारण तिची काही चूक नव्हती.) वाजवायला झकास. पण आपल्याकडची दमट हवा आणि वर समुद्राकाठचे कार्यक्रम, त्यामुळे त्याचा मुख्य एन्कोडर (आकडे बदलायची फिरती खुंटी) चळला. टेम्पो १२४ वरून १२५ करायला जावं तर आधी १२३, मग एकदम १२७, परत १२४. घरी हसू येतं, स्टेजवर घाम फुटतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून थोडे दिवस चाललं, मग पुन्हा तेच. कंपनीला लिहिलं तर दुसऱ्या दिवशी उत्तर: वॉरंटीत आहे, पाठवून द्या, फुकट करून देतो. इथवर सगळं छान.

घोळ झाला तो माझ्या शहरातल्या कुरियरच्या ऑफिसात. काउंटरवरच्या माणसाने वर्णनाच्या जागी 'म्युझिकल कीबोर्ड, वापरलेला' असं टाइप केलं. म्हटलं, अहो, हा कीबोर्ड नाही. "साहेब, एवढं कोण बघतं?" सीरियल नंबर घाला म्हटलं, तर त्याला रकाना नाही. दुरुस्तीला चाललंय आणि परत येणार आहे हे तरी कुठे लिहा, तर त्याचे कागद वेगळे, ते हेड ऑफिसातून येतात, त्यापेक्षा "सॅम्पल म्हणून टाकतो, लवकर जाईल." लवकर गेलं खरं. कंपनीने एन्कोडर बदलला, पेटी परत निघाली, सोबत त्यांचं नीटनेटकं बिल: वॉरंटी दुरुस्ती, आकार शून्य, वस्तूची किंमत अमुक, सीरियल नंबर तमुक.

इथे आल्यावर कस्टम्सने जातानाचे कागद मागितले. त्यांच्या जागी ते बरोबरच होते. दुरुस्तीसाठी बाहेर पाठवलेली वस्तू परत आली की दुरुस्तीचा खर्च, विमा आणि जाण्यायेण्याचं भाडं एवढ्यावरच ड्युटी लागावी अशी सवलत आहे. पण गेलेली आणि आलेली वस्तू एकच आहे हे दाखवता आलं पाहिजे. माझे कागद म्हणत होते की एक कीबोर्ड गेला आणि एक सिक्वेन्सर आला. झालं. पूर्ण किमतीवर ड्युटी, वर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), वर कुरियरवाल्यांनी माझ्या वतीने भरणा केला त्याचं शुल्क, आणि वाद चालू होता तेवढ्या दिवसांचं गोदामभाडं. टोल फ्री नंबर म्हणे स्थानिक ऑफिसला विचारा, स्थानिक ऑफिस म्हणे क्लिअरन्स टीमला, आणि क्लिअरन्स टीमच्या ईमेलवर मशीन उत्तर देणार की आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. शेवटी काउंटरवर जाऊन उभा राहिलो तर तोच माणूस: "फॉर्मवर सही तुमचीच ना?" माझ्याच यंत्राचे दुसऱ्यांदा पैसे भरून ते घरी आणलं. आता आठवलं तरी डोकं फिरतं, सोडा.

मी कस्टम्स एजंट नाही, नियम बदलत असतात, माझ्या भरवशावर काही पाठवू नका. पण कधी वेळ आलीच तर पेटी सील होण्याआधी शिपिंग बिलावर (माल बाहेर पाठवतानाच्या कस्टम्सच्या कागदावर) मॉडेलचं खरं नाव, सीरियल नंबर आणि दुरुस्ती करून परत येणार असल्याचा उल्लेख छापून आलेला स्वतःच्या डोळ्यांनी बघा. कंपनीचं पत्र सोबत जोडा. तळाच्या स्टिकरचा फोटो आजच काढून ठेवा, घामाने आणि केसमधल्या घर्षणाने तो आकडा पुसला जातो. आणि ब्लूटूथ असलेलं नवं यंत्र बाहेरून मागवलंत तर वायरलेस मंजुरीचा कागद मागितला जाऊ शकतो, हेही धरून चाला.

म्हणून माझं मत, कुणाला पटो न पटो: स्टेजवर न्यायचा सिक्वेन्सर इथल्या दुकानातून जीएसटीच्या बिलासकट मिळणारा असावा, नाहीतर इतका सर्रास वापरला जाणारा असावा की शुक्रवारी दुपारी बंद पडला तर संध्याकाळपर्यंत कुणाकडून तरी उसना मिळेल. पॉलिरिदम आणि युक्लिडियन पॅटर्नसारख्या तालाच्या करामती त्यानंतर.

राहिले दोन. तुमच्या तीन यंत्रांना बीटस्टेप प्रो मापाने शिवल्यासारखा बसतो. दोन मेलडी सिक्वेन्सर आहेत, दोन्ही एका वेळी एकच सूर वाजवणारे, ६४ स्टेप्सपर्यंत (स्टेप म्हणजे क्रमातलं एक घर). एक बासला, एक सिंथला. सोळा आवाजांचा ड्रम सिक्वेन्सर बीट्सला. व्होल्कांना मिडी (यंत्रांनी एकमेकांना सूर-ठोके सांगायची जोडणी) आउट किंवा थ्रू नसतो, म्हणजे आलेला संकेत पुढे देता येत नाही, तेव्हा साखळी करता येणार नाही, एकाच संकेताचे अनेक फाटे काढणारा छोटा थ्रू बॉक्स लागेलच. त्याच्या बॅटरीचा किंवा अडॅप्टरचा विचार आत्ताच करा, सगळे शेवटी विसरतात.

सर्किट ट्रॅक्सचा मोठा फायदा म्हणजे आतली बॅटरी, कंपनी चार तास म्हणते, आणि स्वतःचे दोन सिंथ व चार ड्रम. बाहेरच्या यंत्रांसाठी मिडी ट्रॅक दोनच, म्हणजे बास आणि सिंथ झाले. मिडीत प्रत्येक सुराला, ठोक्याला एक नंबर असतो. सर्किटचे ड्रम चॅनेल १० वर बाहेर जातात, पण ६०, ६२, ६४, ६५ या नोट्सवर; बीट्सचा किक ३६ वर आणि स्नेअर ३८ वर बसलेला. वाजवाल आणि किक येणारच नाही. त्यापेक्षा बीट्सला नुसती सिंक केबल (फक्त ठोका पोचवणारी) द्या आणि त्याच्या स्वतःच्या पॅटर्नवर सोडा. दोघंही एका ठोक्याला दोन पल्स मानतात, जुळतं. आणि एक व्होल्का घरीच ठेवायचा धीर असेल तर सर्किटच्या ड्रमवर अख्खा सेट निघतो.

मात्र शॅक म्हणताय म्हणून सांगतो. उघड्यावर रात्री दहानंतर स्पीकर बंद, त्यामुळे नव्या माणसाला बहुतेक सूर्यास्ताची वेळ मिळते. पश्चिमेकडून तिरपं ऊन थेट पॅडवर. सर्किटला स्क्रीन नाही, सगळा कारभार पॅडच्या रंगांवर, आणि त्या उन्हात हिरवा कोणता नि पिवळा कोणता हे कळत नाही. पुठ्ठ्याचा आडोसा करून वाजवणारे मी पाहिलेत. टेबल कुठल्या दिशेला लावणार हे आयोजकांना आधीच विचारा, त्यात लाज कसली.

बीटस्टेपला बॅटरी नाही, तो यूएसबीच्या पाच व्होल्टवर चालतो. पॉवर बँक द्या. मिक्सरच्याच बोर्डावरच्या चार्जरने चालवलात तर गुरगुर येण्याची शक्यता असते. त्यासाठी मूळ खोक्यात ग्राउंड लूप (गुरगुर आणणारी अर्थिंगची वाट) तोडणारा छोटा जोड येतो. सेकंड हँड घेताना तो मागून घ्या, विकणाऱ्याला बहुधा तो कशासाठी आहे हेच माहीत नसतं. काही पॉवर बँका ओढ कमी असली की आपोआप झोपतात, म्हणून घरी तासभर चालवून बघा. विमानाने जाणार असाल तर पॉवर बँक केबिन बॅगेतच. २०,००० एमएएचची म्हणजे साधारण ७४ वॅट-अवर, शंभरच्या मर्यादेच्या आत, अडचण नाही.

आणि मिडीचे ते छोटे ३.५ मिमीचे जोड. आतली वायरिंग दोन तऱ्हांची: बीटस्टेपचे टाइप बी, कॉर्गच्या एसक्यू-१ सारख्या यंत्रांचे टाइप ए. दिसायला एकसारखे, अदलाबदल झाली की नुसती शांतता. रंगीत टेप गुंडाळून ठेवा.

माझं मत विचाराल तर बीटस्टेप प्रो, पण सेकंड हँड असल्याने प्रत्यक्ष बघूनच. जाताना तुमचा व्होल्का, केबल आणि पॉवर बँक घेऊन जा. प्रत्येक एन्कोडर आधी सावकाश, मग भरकन फिरवा. आकडा उलटा उडी मारतोय का ते बघा. सगळे पॅड हलक्या बोटाने दाबून बघा, कोपऱ्यातले आधी जातात. पंधरा मिनिटं क्लॉक चालू ठेवून गप्पा मारत बसा आणि मधूनच यूएसबीची केबल जागच्या जागी हलवा. तेवढ्यात यंत्र बंद होऊन चालू झालं तर चहा पिऊन रिकाम्या हाताने परत या.